उन्हाळ्याची संध्याकाळ आणि रुपेरी पडदा

वसंत व्याख्यानमालेत चित्रपटांवर, आणि त्यांतही उन्हाळ्याच्या सुटीत येणाऱ्या चित्रपटांवर बोलावयाचे म्हटले की काहींच्या भुवया उंचावतात. व्याख्यान ही ज्ञानाची बाब आणि सुटीतला चित्रपट ही करमणुकीची. ह्या दोहोंची गाठ कशासाठी घालावयाची, असा त्यांचा प्रश्न असतो. आमचे उत्तर असे की ही गाठ मुळातच पडलेली आहे. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला. ह्या दिवसांत शाळा-कॉलेजांना सुटी असते, परगावची मंडळी घरी आलेली असतात, आणि दिवसभर उकाड्याने कोंडून पडलेला माणूस ऊन उतरले की कोठे तरी जावे म्हणून बाहेर पडतो. वक्त्याला हवी असते ती हीच मोकळी संध्याकाळ. पुढे हीच संध्याकाळ चित्रपटाच्या व्यापाऱ्यालाही हवीशी वाटू लागली. तेव्हा आपण आणि चित्रपटगृहाचा मालक हे एका अर्थी एकाच गिऱ्हाइकाच्या वाटेवर उभे असलेले दोन दुकानदार आहोत!

आपल्याकडे तर ही गाठ फारच जुनी आहे. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला तो १९१३ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेला. म्हणजे ज्याला आपण भारतीय चित्रपटाचा आरंभ मानतो, तो चित्रपटही उन्हाळ्यातलाच होय. पुढे तंबूतले फिरते सिनेमे चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या मागोमाग गावोगाव हिंडले, ह्याचेही कारण उघड आहे. पावसाळ्यात तंबू ठोकता येत नाही, आणि सुगी उरकल्यावाचून शेतकऱ्याच्या हाती पैसा आणि वेळ येत नाही.

ज्या अमेरिकेने उन्हाळी चित्रपटाचे प्रचंड यंत्र उभारले, तेथे मात्र आरंभी नेमकी उलट परिस्थिती होती. उन्हाळा हा तेथल्या चित्रपटगृहांना शापच वाटे. दारे-खिडक्या बंद केलेली काळोखी खोली, दाटीवाटीने बसलेली माणसे आणि प्रक्षेपणयंत्राच्या दिव्याची धग ह्यांमुळे जुलै महिन्यात आत बसणे म्हणजे पैसे देऊन शिक्षा भोगणे होते. अनेक चित्रपटगृहे त्या दिवसांत सरळ कुलूप लावून बंद ठेवली जात. हे चित्र बदलले ते एका इंजिनियरामुळे. विलिस कॅरियर नावाच्या तरुणाने १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारे यंत्र तयार केले होते. दमट हवेने कागद फुगे आणि रंगाच्या छपाया एकमेकींवर नीट बसत नसत, हे त्याचे कारण. माणसाला गारवा द्यावा हा विचार त्यात नव्हता. परंतु पुढे ह्याच विद्येतून मोठमोठी सभागृहे थंड करणारी यंत्रे निघाली, आणि १९२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रिव्होली थिएटरात असे एक यंत्र बसविण्यात आले.

त्या पहिल्या दिवसाची हकीकत खुद्द कॅरियरने सांगून ठेवली आहे. यंत्र सुरू करावयास थोडा उशीर झाला होता. प्रेक्षक नेहमीप्रमाणे हातपंखे घेऊन आले होते आणि सर्व सभागृहात पंख्यांची फडफड चालली होती. पॅरामाउंट कंपनीचे मालक ॲडॉल्फ झुकर वर बाल्कनीत बसून खाली पाहत होते. हळूहळू गारवा पसरू लागला. एकेक पंखा थांबला, मांडीवर विसावला आणि अखेरीस सगळेच पंखे विसरले गेले. त्या दिवशी पडद्यावर कोणता चित्रपट होता ह्याची आज कोणी फारशी आठवण काढीत नाही. आठवण राहिली आहे ती गारव्याची. ह्यानंतर अमेरिकेत चित्रपटगृहाच्या दारावर चित्रपटाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत आतल्या थंड हवेची जाहिरात होऊ लागली. लोक चित्रपटासाठी जात तसेच थंडाव्यासाठीही जात, आणि ज्या महिन्यांत दारे बंद असत तेच महिने हळूहळू कमाईचे होऊ लागले. १९३३ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतील कॅम्डन येथे मोटारीत बसूनच चित्रपट पाहण्याचे पहिले उघडे पटांगण सुरू झाले, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशा पटांगणांची संख्या तेथे चार हजारांच्या वर गेली. उन्हाळ्याची रात्र, पुढच्या आसनावर आईबाप, मागे पेंगणारी मुले आणि समोर आकाशाखाली पडदा, असे हे दृश्य होते.

तरीही एक महत्त्वाची गोष्ट अजून घडावयाची होती. त्या काळी चित्रपट प्रदर्शित करण्याची रीत धिमी होती. मोठा चित्रपट प्रथम मोठ्या शहरातल्या एखाद्या उत्तम चित्रपटगृहात लागे. तेथे काही आठवडे चालला, त्याची कीर्ती झाली, की मग दुसऱ्या शहरात, मग उपनगरात, आणि शेवटी लहान गावात तो पोचे. आपल्याकडेही हीच रीत होती हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मुंबईत वर्षभर गाजलेला चित्रपट तालुक्याच्या गावी येईपर्यंत त्याच्या प्रतीवर इतके ओरखडे उठलेले असत की पडद्यावर बारमाही पाऊस पडतो आहे असे वाटे. ह्या रीतीत तोटे होते, पण एक मोठा गुणही होता. चित्रपटाला वेळ मिळे, आणि एकाने पाहून दुसऱ्याला सांगण्याला किंमत असे.

ही रीत मोडून काढण्याचे श्रेय म्हणा वा अपश्रेय म्हणा, एका शार्क माशाकडे जाते. स्टीव्हन स्पीलबर्ग हा तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा दिग्दर्शक. त्याचा 'जॉज' हा चित्रपट २० जून १९७५ रोजी एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत झळकला. त्यापूर्वी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर सुमारे सात लाख डॉलर खर्च झाले होते. एकेका शहरात कीर्ती पसरण्याची वाट न पाहता, सगळ्या देशाच्या कानांवर एकाच आठवड्यात एकच नाव आदळवावयाचे, आणि लोक घराबाहेर पडतील तेव्हा जवळच्या पडद्यावर तोच चित्रपट हजर असावयाचा, अशी ही योजना होती. कथाही ऋतूला साजेशीच होती. समुद्रकाठचे सुटीचे गाव, ४ जुलैचा राष्ट्रीय सण, पोहावयास आलेली गर्दी आणि पाण्याखाली दडलेला शार्क! प्रेक्षक सकाळी ज्या समुद्रात डुंबत होता, त्याच समुद्राची भीती त्याला संध्याकाळी तिकीट काढून मिळत होती. अमेरिकेतील वितरणातून दहा कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडणारा हा पहिला चित्रपट ठरला.

अशा चित्रपटांना लावला जाणारा 'ब्लॉकबस्टर' हा शब्द मूळचा दुसऱ्या महायुद्धातला आहे. इमारतींचा एक आखा गट उद्ध्वस्त करणाऱ्या प्रचंड बॉम्बला ब्रिटिश वायुदलाच्या संदर्भात वर्तमानपत्रे हे नाव देत. चित्रपटाच्या जाहिरातदारांनी तो शब्द उचलला आणि त्यातला संहार विसरला गेला. तथापि त्या शब्दातला भावार्थ अजून शाबूत आहे असे आम्हांला वाटते. एकाच धडाक्यात सगळीकडे पडावयाचे आणि आजूबाजूला दुसरे काही उभे राहू द्यावयाचे नाही, हा तो भावार्थ.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. 'जॉज'च्या पाठोपाठ ज्याचे नाव घेतले जाते तो 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी प्रथम लागला तो केवळ बत्तीस चित्रपटगृहांत. त्याच्या यशात जाहिरातीपेक्षा रांगा लावून पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या प्रेक्षकाचा वाटा मोठा होता. परंतु धंद्याने धडा घेतला तो 'जॉज'चा. कारण प्रेक्षकाचे प्रेम आधी मोजता येत नाही. चित्रपटगृहांची संख्या आणि जाहिरातीचा खर्च मात्र मोजता येतो.

आता ह्या हिशेबाची आतली बाजू पाहू. चित्रपटगृहाच्या तिकिटाच्या पैशांत वितरक आणि चित्रपटगृहाचा मालक ह्यांची वाटणी असते. मोठ्या चित्रपटांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा मोठा, आणि पुढे जसजसे दिवस जातील तसतसा मालकाचा वाटा वाढत जाणारा, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. त्यामुळे निर्मात्याची आणि वितरकाची सारी धडपड पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारवर येऊन ठेपते. सोमवारी सकाळी आकडे छापून येतात आणि त्या आकड्यांवरून चित्रपट जगला की मेला हे ठरते. निवडणुकीत निदान पाच वर्षांनी पुन्हा मत देता येते. येथे तीन दिवसांत जो मतदानाला गेला नाही त्याचे मत बाद!

ह्याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांमागे एका मे महिन्यात परदेशी महोत्सवात नावाजलेला एक लहानसा चित्रपट आमच्या शहरात लागला. शुक्रवारी पाहुणे होते, शनिवारी लग्न होते, रविवारी आळस होता. सोमवारी आम्ही ठरवून गेलो, तो तिकीटखिडकीवरच्या मुलाने सांगितले, "काका, तो काल उतरला." त्याच्या जागी त्या आठवड्यातला मोठा चित्रपट पाचव्या पडद्यावर चढला होता; चार पडद्यांवर तो आधीपासून होताच. आम्ही मालकाला मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. परंतु घरी येताना ध्यानात आले की, रिकाम्या खुर्च्यांपुढे चित्रपट चालवून त्याने विजेचे बिल कोठून भरावयाचे? त्या रिकाम्या खुर्च्यांपैकी दोन खुर्च्या आमच्या होत्या.

असो. ही झाली उन्हाळ्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला, ज्याला आपण गंभीर किंवा कलात्मक चित्रपट म्हणतो, त्याचेही पंचांग उन्हाळ्याभोवतीच फिरत आले आहे. जगातला सर्वांत जुना चित्रपट महोत्सव व्हेनिसचा. तो १९३२ च्या ऑगस्टमध्ये लिडो बेटावरच्या एका हॉटेलाच्या गच्चीवर सुरू झाला. लिडो म्हणजे हवा खाण्यासाठी येणाऱ्या श्रीमंतांचे समुद्रकाठचे ठिकाण. पुढे त्या महोत्सवावर मुसोलिनीच्या राजवटीची छाया पडली. १९३८ साली पारितोषिके राजकारण पाहून दिली गेल्याचा संताप झाला, आणि फ्रान्सने स्वतःचा स्वतंत्र महोत्सव भरविण्याचे ठरविले. त्यासाठी निवडले गेलेले कान हेही दक्षिण किनाऱ्यावरचे सुटीचेच गाव. १ सप्टेंबर १९३९ हा मुहूर्त ठरला होता, आणि त्याच दिवशी हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये शिरले. महोत्सव प्रत्यक्षात भरला तो १९४६ साली, आणि १९५१ पासून तो वसंत ऋतूत हलविण्यात आला. बर्लिनचा महोत्सव आज फेब्रुवारीत भरतो, पण १९७७ पर्यंत तोही उन्हाळ्यातच भरत असे. व्ही. शांताराम ह्यांच्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाला १९५८ साली बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले ते ह्याच उन्हाळी महोत्सवात.

म्हणजे बाजारू चित्रपट उन्हाळ्यातला आणि कलेचा चित्रपट कोठल्या तरी तपोवनातला, अशी विभागणी खरी नाही. दोघांचे जन्मगाव समुद्रकाठचेच आहे. फरक आहे तो वेळेच्या हिशेबात, आणि तो समजून घेण्यासाठी आम्ही एकाच वर्षाचा उन्हाळा आपल्यापुढे ठेवू इच्छितो. ते वर्ष १९८२.

त्या वर्षीच्या मे महिन्यात कान येथे जे परीक्षक मंडळ बसले होते त्यात कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ होते, अमेरिकन दिग्दर्शक सिडनी ल्युमेट होते आणि आपल्या बंगालचे मृणाल सेनही होते. सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे सोन्याचे ताडपान, त्यांनी दोन चित्रपटांत विभागून दिले. त्यातला एक कोस्टा-गाव्हरास ह्यांचा 'मिसिंग'. चिलीमधल्या लष्करी उठावात नाहीशा झालेल्या मुलाला शोधणारा अमेरिकन बाप त्यात आहे. दुसरा तुर्कस्तानचा 'योल', म्हणजे रस्ता. आठवड्याच्या रजेवर सुटलेल्या पाच कैद्यांची ही कथा यिल्माझ ग्युने ह्यांनी तुरुंगात बसून लिहिली, त्यांच्या सूचनांबरहुकूम शेरीफ ग्योरेन ह्यांनी चित्रित केली, आणि ग्युने ह्यांनी तुरुंगातून निसटून परदेशात तिचे संकलन पुरे केले. ह्या चित्रपटावरील त्यांच्या मायदेशातली बंदी १९९९ पर्यंत टिकली. दिग्दर्शनाचे पारितोषिक जर्मनीच्या व्हेर्नर हेर्झोग ह्यांना 'फित्सकराल्दो'साठी मिळाले. ह्या गृहस्थांनी पेरूच्या जंगलात तीनशे वीस टनांची खरीखुरी आगबोट माणसांकरवी डोंगरावरून ओढून नेली होती. पैशाने वा साहसाने मोठे काम केवळ हॉलिवुडच करते असे मानणाऱ्यांनी ही बोट ध्यानात ठेवावी.

आणि मौज अशी की, ह्याच महोत्सवाचा समारोप झाला तो स्पीलबर्गच्याच 'ई. टी.' ह्या चित्रपटाने. परग्रहावरून चुकून मागे राहिलेला एक जीव आणि त्याला कपाटात लपवून ठेवणारा एक मुलगा ह्यांच्या मैत्रीची ही गोष्ट. जे प्रेक्षक सकाळी तुरुंगातल्या माणसाचा रस्ता पाहून सुन्न झाले होते, ते त्या रात्री रबरी बाहुल्याच्या वियोगाने गहिवरले. ह्यात विसंगती आहे काय? आम्हांला तशी वाटत नाही. घरापासून तुटलेल्या जीवाची घरची ओढ दोन्ही चित्रपटांत आहे.

त्यानंतर ११ जून रोजी 'ई. टी.' अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याने सगळे उच्चांक मोडले. दोनच आठवड्यांनी, २५ जूनला, आणखी दोन चित्रपट एकाच दिवशी आले. एक रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर', दुसरा जॉन कार्पेंटरचा 'द थिंग'. पहिल्यात भविष्यकाळातले पावसाने चिंब झालेले काळोखे शहर आणि आपण माणूस आहोत की यंत्र ह्या शंकेने पोखरलेली पात्रे होती. दुसऱ्यात दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात अडकलेल्या माणसांमध्ये एक परग्रहावरचा जीव शिरतो आणि कोण आपला, कोण परका, हेच कळेनासे होते. ज्या उन्हाळ्यात सारी मुले प्रेमळ परग्रहवासीयाच्या गळ्यात पडली होती, त्याच उन्हाळ्यात हा भेसूर पाहुणा कोणाला हवा होता? दोन्ही चित्रपटांकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली. टीकाकारांनीही, विशेषतः 'द थिंग'वर, कठोर शब्द वापरले. सोमवारचा आकडा हाच शेवटचा शब्द असता, तर हे दोन्ही चित्रपट तेव्हाच संपले असते.

परंतु तसे झाले नाही. व्हिडिओच्या फितींवर, रात्री उशिराच्या खेळांत, विद्यार्थ्यांच्या मंडळांत ते पुन्हा पुन्हा पाहिले गेले. 'ब्लेड रनर'ची दिग्दर्शकाच्या मनाजोगती शेवटची आवृत्ती २००७ साली निघाली. जतन करण्याजोग्या चित्रपटांची एक राष्ट्रीय यादी अमेरिकेत ठेवली जाते. तीत 'ब्लेड रनर'चा समावेश १९९३ साली झाला आणि 'ई. टी.'चा १९९४ साली. उन्हाळ्यात हरलेला चित्रपट यादीत एक वर्ष आधी जाऊन बसला! ह्यावरून 'ई. टी.' कमी ठरतो असे मात्र नव्हे. दोघेही राहिले, एवढेच ह्यातून घ्यावयाचे. तीन दिवसांचा हिशेब हा धंद्याचा हिशेब आहे आणि त्याच्या जागी तो ठीक आहे. चित्रपटाच्या गुणांचा निवाडा करण्यास तो पुरेसा नाही.

ह्या बाबतीत आपल्या पूर्वसूरींचे उदाहरण घ्या. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि तोच चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. खेड्यातून बैलगाडीने येऊन पडद्याला हात जोडणारा वारकरी आणि व्हेनिसचा चिकित्सक परीक्षक ह्या दोघांनाही तो भावला. सत्यजित राय ह्यांच्या 'पथेर पांचाली'ला १९५६ साली कान येथे पारितोषिक मिळाले, आणि १९५८ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू प्लेहाउस ह्या एका लहान चित्रपटगृहात लागून तो सुमारे आठ महिने चालला. ह्या दोन्ही चित्रपटांना मिळालेली गोष्ट एकच, ती म्हणजे सवड. आज त्यांना शुक्रवार ते रविवार एवढीच मुदत मिळाली असती तर काय झाले असते, ह्याचा विचार करून पाहावा.

मग मोठ्या उन्हाळी चित्रपटांवर बहिष्कार घालावयाचा काय? मुळीच नाही. असा सोवळेपणा आम्हांला मान्य नाही. 'जॉज'मधला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वरचेवर बिघडे. पंचावन्न दिवसांचे चित्रीकरण एकशे एकोणसाठ दिवसांवर गेले. यंत्र चालेना म्हणून दिग्दर्शकाने शार्क दाखवावयाचे टाळले. पाण्याची हालचाल, ओढले जाणारे पिंप आणि संगीतातले दोन सूर एवढ्यावर भय उभे केले. न दाखविता दाखविणे ही जी थोर कला, ती येथे एका धंदेवाईक चित्रपटात, तीही अडचणीतून, साधली. ज्याला हे दिसते त्याने 'जॉज' पाहून वेळ फुकट घालविला असे कोण म्हणेल? आपल्या गावोगावच्या मुलांनी १९९४ साली हिंदी बोलणारा 'जुरासिक पार्क' डोळे विस्फारून पाहिला, त्यांतल्या एखाद्याला त्यातून प्राचीन जीवांच्या शास्त्राची गोडी लागली असेल तर तो लाभच होय.

अलीकडचेच उदाहरण पाहा. २१ जुलै २०२३ रोजी दोन चित्रपट एकाच दिवशी आले. एक ग्रेटा गर्विग ह्यांचा 'बार्बी', मुलींच्या एका बाहुलीवरचा. दुसरा ख्रिस्तोफर नोलन ह्यांचा 'ओपेनहायमर', अणुबॉम्बच्या जनकावरचा, तीन तासांचा आणि बराचसा माणसांच्या संभाषणावर उभा असलेला. एक दुसऱ्याला खाऊन टाकील असे भाकीत होते. लोकांनी दोन्ही पाहिले, आणि कित्येकांनी तर एकाच दिवशी. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, कानच्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा ह्याच ग्रेटा गर्विग होत्या. त्यांच्या मंडळाने दुसऱ्या क्रमांकाचे मोठे पारितोषिक दिले ते पायल कपाडिया ह्यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' ह्या चित्रपटाला. तीस वर्षांनंतर मुख्य स्पर्धेत उतरलेला हा भारतीय चित्रपट. ह्या दिग्दर्शिकेचे शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये झालेले. कथा मुंबईतली. केरळातून आलेल्या दोन परिचारिका आणि त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती. कागदपत्रांअभावी पार्वतीचे राहते घर बिल्डरच्या घशात जाते आणि ती कोकणातल्या आपल्या गावी परतते, तो भाग पाहताना आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या आत्या-मावश्या आठवतील. पार्वतीची भूमिका करणाऱ्या छाया कदम आपल्याला अनोळखी नाहीत. नागराज मंजुळे ह्यांच्या 'सैराट'मध्ये पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी सुमनअक्का ती ह्याच.

आणि 'सैराट' तरी कोणत्या ऋतूतला? २९ एप्रिल २०१६, ऐन सुटीचा. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेलेला हा चित्रपट एप्रिल-मेमध्ये आपल्या गावोगावी असा चालला की काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. लोक गाण्यांवर नाचले, आणि शेवटच्या दृश्यानंतर एक अक्षर न बोलता बाहेर पडले. जातीच्या नावाखाली होणाऱ्या हत्येवर शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते त्या शांततेत झाले, हे आम्ही व्याख्यानमालेच्या पानावरून मोकळेपणाने कबूल करतो. हा चित्रपट लोकप्रिय की गंभीर? ज्याला हे दोन खण वेगळे ठेवावयाचे असतील त्याने 'सैराट' कोणत्या खणात ठेवावयाचा ते सांगावे.

तेव्हा सामान्य नागरिकाने उन्हाळ्यातल्या चित्रपटांचा मागोवा घ्यावा तो कसा? आमच्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली अशी की, मोठा चित्रपट थांबू शकतो, लहान चित्रपट थांबू शकत नाही. पाच पडद्यांवर लागलेला चित्रपट दुसऱ्या आठवड्यातही असणार. सकाळच्या एकाच खेळाला लागलेला मराठी किंवा परभाषी चित्रपट मात्र पहिल्या तीन दिवसांतच पाहिला पाहिजे. आपले एक तिकीट मोठ्या चित्रपटाच्या हिशेबात दिसतही नाही; लहान चित्रपटाच्या हिशेबात ते सोमवारचा खेळ वाचवू शकते. पाहुणे आले असतील तर त्यांनाही बरोबर न्यावे!

दुसरी गोष्ट, पंचांग ध्यानात ठेवावे. कानची निवड एप्रिलमध्ये जाहीर होते आणि पारितोषिके मे महिन्यात. ती यादी वर्तमानपत्रातून कापून ठेवावी. त्यातले काही चित्रपट आपल्याकडे पोचतात ते हिवाळ्यात, नोव्हेंबरात गोव्याला भरणाऱ्या महोत्सवात आणि त्यानंतर पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था १९६८ पासून असे चित्रपट आणण्याची खटपट करीत आल्या आहेत. म्हणजे मे महिन्यात तिकडे लागलेला मोहोर आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात फळाला येतो. ज्याने यादी ठेवली त्यालाच ते फळ ओळखता येते. परक्या भाषेची भीती बाळगण्याचेही कारण नाही. पडद्याखालच्या ओळी वाचण्याची सवय दोन चित्रपटांत होते. तिसऱ्या चित्रपटात आपण वाचतो आहोत ह्याचाही विसर पडतो.

तिसरी गोष्ट, पाहिल्यावर बोलावे. आकडा सोमवारी छापून येतो, पण शेजाऱ्याला 'तो पाहून या' असे सांगणे अजून आपल्याच हाती आहे. 'संत तुकाराम' वर्षभर चालला तो अशाच सांगण्याच्या जोरावर.

२०२० सालचा उन्हाळा आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. महामारीने चित्रपटगृहांना कुलपे लागली, कानचा मे महिन्यातला महोत्सव भरला नाही, अमेरिकेत लोक पुन्हा मोटारी घेऊन जुन्या पटांगणांत गेले, आणि आपल्या सभागृहांतल्या खुर्च्याही रिकाम्याच राहिल्या. घरातल्या लहान पडद्यावर तेव्हा हवे तितके चित्रपट पाहावयास मिळत होते. तरीही काही तरी उणे वाटत होते. अनोळखी माणसांच्या शेजारी काळोखात बसून एकदम हसण्यात, एकदम श्वास रोखण्यात जे आहे ते उणे होते. ते दिवस सरल्यावर दारे पुन्हा उघडली. उकाडा तोच आहे, संध्याकाळही तीच आहे, आणि ती मागणारेही पुष्कळ आहेत. ती कोणाला द्यावयाची हे ठरविण्याचा हक्क मात्र आपण त्यांच्या स्वाधीन करू नये. एक संध्याकाळ शार्कला द्या, एक पार्वतीला द्या, आणि मधली एखादी व्याख्यानमालेसाठी राखून ठेवा, एवढीच आमची विनंती आहे.